गावात एक दिवस जुन्या काळचा रेडिओ चालवायचा असन तर

तर राजेहो, खरा रेडिओ नाही, भोंग्यावरून रेडिओसारखे कार्यक्रम ऐकवायचे. पहिले तारीख धरा. 23 जुलैचा मोह होईन, कारण 1927 मध्ये त्याच दिवशी मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं होतं, पण तेव्हा आपल्याकडे निंदण-डवरण ऐन भरात असते, दिवसा घरी आहे कोण ऐकायले? तान्हा पोळा बेस्ट, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पोट्ट्यांचा सण. पोट्टे मोकळे, मोठेबी घरीच.

सामान काही जास्त नाही, माईक, आवाज वाढवायची मशीन, दोन भोंगे अन् एक बॅटरी, कारण लाइनचा भरोसा नाही. पाण्याचे दिवस आहेत, मशीनवर मेनकापड टाका. पोलीस स्टेशनची परवानगी आधीच काढा आणि रात्री 10 च्या आत सगळं बंद.

आता मेन गोष्ट, दिवसभर सलग वाजवू नका. भोंगा भाड्यानं आणला म्हणून वाजवतच राहिले की दुपारपर्यंत अख्खं गाव वैतागते. जुना रेडिओ असा चोवीस तास चालत नव्हता, सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा सभा, म्हणजे कार्यक्रमाच्या वेळा, असायच्या, मधात काहीच नाही. नागपूर केंद्र 1948 च्या जुलैत सुरू झालं, तेव्हा घरोघरी रेडिओ कुठले, पुढे बऱ्याच गावात ग्रामपंचायतीचा एक सेट आला, लोक त्याच्यासमोर टायमावर येऊन बसायचे. म्हणून सकाळी 7 ते 8, दुपारी 1 ते 2, संध्याकाळी 6 ते 9 असा कागद चौकात चिकटवा अन् तो पाळा. एका कार्यक्रमाले पंधरा मिनिटं, बातम्यांले पाच. भाषण कोणाचंच नाही, सरपंचाचंबी नाही.

सुरुवात धूननं. आकाशवाणीची ती धून वॉल्टर कॉफमन नावाच्या, युरोपातून मुंबईत आलेल्या माणसानं बांधली होती, पण मोबाईलवरून लावू नका, गावातला पेटीवाला पकडा, चुकला तरी चालते, तेव्हाही बहुतेक सगळं लाइव्हच असायचं. मग खंजिरी भजन, गावच्या बातम्या (कोणाचं वासरू हरवलं, कापसाचा भाव काय), शेतीच्या गप्पा. दुपारी बायांचा कार्यक्रम, भुलाबाईची गाणी वगैरे, ते त्याच ठरवतीन. संध्याकाळी पोट्टे लाकडी नंदी घेऊन निघाले की एकानं देवळाच्या ओट्यावरून क्रिकेटसारखं धावतं वर्णन करायचं, कोणाच्या नंदीले काय सजवलं ते.

खरी मजा श्रुतिकेत, म्हणजे रेडिओवरच्या नाटकात आहे. सगळे ग्रामपंचायतीच्या खोलीत, दार लावून, कोणालेच पाहू देऊ नका, दिसलं की मजा गेली. सुपात तुरीची दाळ हळूहळू फिरवली की पाऊस, टिनाचा पत्रा हलवला की गडगडाट, नारळाच्या दोन कवट्या ठोकल्या की घोडा, कुरकुऱ्याचा रिकामा पुडा माईकजवळ चुरगाळला की शेकोटी. हे सगळं आदल्या रात्री भोंग्यातून ऐकून पाहा, कारण दाळ माईकच्या फार जवळ गेली की पाऊस नाही, दगडफेक वाटते. पात्रं तीन-चारच ठेवा, जास्त झाले की आवाज ओळखू येत नाही. अन् झाडीपट्टीच्या नाटकात काम केलेला माणूस घेत असाल तर त्याले पहिले हळू बोलायले शिकवा, तो शेवटच्या रांगेले ऐकू जाईन असं बोलते अन् इथं माईक एका हातावर असते.

शेवटी फर्माइश. ती मुद्दाम शेवटी, म्हणजे लोक थांबतात. 1952 मध्ये केसकर माहिती-प्रसारण मंत्री होते तेव्हा आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास गायबच झाली, तर लोक सरळ रेडिओ सिलोनकडे वळले, त्याच वर्षी तिथं अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली, अन् मग 1957 मध्ये इकडे विविध भारती आणावी लागली. म्हणून गाण्यांवर कंजूसी नको. किराणा दुकानात चिठ्ठ्यांचा डब्बा ठेवा, गाण्याआधी नावं वाचा, लोकांले गाण्यापेक्षा नावाचीच हौस जास्त. फक्त चिठ्ठ्या आधी एकदा पाहून घ्या, एकाच चिठ्ठीवर एखाद्या पोट्ट्याचं अन् पोरीचं नाव निघालं तर नुसतं गाणं लावा, नावं राहू द्या, नाहीतर सकाळी तंटामुक्ती समितीले बोलवावं लागन.