चाकणला इंटरव्ह्यू आहे? आधी स्वतःचाच बायोडेटा उलटतपासून घ्या

डिप्लोमा किंवा बीई मेकॅनिकल झालेल्यांना पुण्याजवळच्या चाकण, तळेगाव, रांजणगावच्या कंपन्यांतून ट्रेनी म्हणून बोलावणं आलं की बहुतेक जण 'टॉप ५० प्रश्न' शोधत बसतात. त्यातले चार-पाचच कामाला येतात. खरी प्रश्नपत्रिका तुम्हीच पाठवून दिलेली असते, ती म्हणजे तुमचा बायोडेटा. टेक्निकल राउंडला समोर बसणारा माणूस बहुधा प्लांटमधला असतो. लाइनवरून उठून आलेला, पंधरा-वीस मिनिटं हातात असलेला. तो कागदावर बोट ठेवतो आणि एकेका ओळीवर विचारत खाली सरकतो.

म्हणून बायोडेटातली प्रत्येक ओळ वहीत उतरवून काढा आणि तिच्यापुढे तीन प्रश्न लिहा: नेमकं काय केलं, किती, आणि तसंच का? 'ऑटोकॅड येतं' असं लिहिलं असेल तर शेवटचं ड्रॉइंग कशाचं काढलं, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) कुठे दिले, तिथेच का दिले? दोन वाक्यांत उत्तर येत नसेल तर ती ओळ खोडून टाका. एका पानाचा, पण प्रत्येक ओळीला खंबीर असलेला बायोडेटा तीन पानांच्या फुगवट्यापेक्षा बरा.

सगळ्यात जास्त विकेट प्रोजेक्टवर पडतात. चौघांच्या ग्रुपने केलेलं (किंवा खरं सांगायचं तर बाहेरून करून आणलेलं) मॉडेल, आणि उत्तरात सारखं 'आम्ही केलं'. पुढचा प्रश्न ठरलेला: त्यात तुम्ही काय केलंत? मोटार निवडली असेल तर किती वॅटची आणि टॉर्कचा हिशेब कसा केला, हे यायला हवं. काही चुकलं असेल, शाफ्ट वाकला किंवा बेअरिंग गरम झालं, तर तेही सांगा. कशामुळे झालं आणि काय बदललं हे सांगता आलं की काम स्वतः केल्याचा त्याहून मोठा पुरावा लागत नाही.

मग मोजमाप. व्हर्निअर हातात देऊन 'हे माप घ्या' म्हणणं ही जुनी आणि भरवशाची परीक्षा आहे. लीस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) नेहमीच्या व्हर्निअरचा ०.०२ मिमी, मायक्रोमीटरचा ०.०१ मिमी, हे सगळ्यांना पाठ असतं. चुकतं ते हातात. जबडे पुसायचे राहतात, झीरो एरर बघायचा राहतो, आणि मायक्रोमीटर रॅचेटऐवजी (टोकाची, ठरावीक दाबाला घसरणारी मूठ) थिंबल (फिरणारी नळी) धरून आवळला जातो, मग माप कमी येतं. घरी सराव करायचा तर दहा रुपयांचं नाणं घ्या, त्याचा व्यास २७ मिमी असतो. दहादा मोजा आणि वाचन किती सरकतं ते बघा.

त्याच्या जोडीला फिट्स, म्हणजे होल आणि शाफ्ट एकमेकांत किती सैल-घट्ट बसतात ते. ड्रॉइंगवर २० एच७ चं होल (२० व्यास, एच७ ही टॉलरन्सची खूण) असेल तर मर्यादा २०.००० ते २०.०२१ मिमी. आता प्लग गेजची (होल तपासायचा दोन टोकांचा दांडा) 'गो', म्हणजे आत जायलाच हवी ती बाजू कोणत्या मापाची? छोट्या, म्हणजे २०.०००. 'नो-गो' २०.०२१. घाईत बरेच जण उलटं सांगतात, कारण शाफ्टच्या गेजचा नियम डोक्यात असतो.

ओईईची (मशिनचा प्रत्यक्ष किती उपयोग झाला याची टक्केवारी) व्याख्या पाठ करण्यापेक्षा एक गणित सोडवा. शिफ्ट ४८० मिनिटं, जेवणाची सुट्टी ३०, म्हणजे नियोजित वेळ ४५०. ४५ मिनिटं मशिन बंद होतं, म्हणून अव्हेलेबिलिटी ९० टक्के. उरलेल्या ४०५ मिनिटांत, सायकल टाइम एक मिनिट असताना, ३६० नग निघाले तर परफॉर्मन्स ८८.९ टक्के. त्यातले ९ रिजेक्ट, म्हणून क्वालिटी ९७.५. तिन्हींचा गुणाकार ७८ टक्के. पडताळा सोपा आहे: चांगले नग ३५१ भागिले ४५०.

'लाइनवर रिजेक्शन आलं, पहिलं काय कराल?' हा प्रश्न येतोच. फ्रेशर थेट 'ऑपरेटरला ट्रेनिंग देऊ' किंवा 'फिशबोन (कारणं शोधायची माशाच्या काट्यासारखी आकृती) काढू' म्हणतात आणि तिथेच मार्क जातात. आधी उत्पादन थांबवायचं, खराब आणि संशयित माल लाल ट्रेमध्ये वेगळा करायचा, शेवटचा चांगला नग कोणता होता तिथपर्यंत मागे जाऊन तपासायचं, सुपरवायझरला कळवायचं. कारणं शोधणं त्यानंतर. खराब माल पुढे ग्राहकाकडे जाता कामा नये, ही प्लांटच्या माणसाची पहिली चिंता असते.

ओळख करून द्यायला दीड मिनिट पुरे. पूर्ण इंग्रजी परिच्छेद पाठ करू नका, मध्ये कुणी टोकलं की गाडी रुळावरून घसरते. पाच मुद्दे लिहा आणि दर वेळी नवी वाक्यं करून मोबाइलवर रेकॉर्ड करा. 'मायसेल्फ अमुक तमुक' ही सुरुवात तेवढी टाळा. इंग्रजीत अडलात तर परवानगी मागून हिंदीत किंवा मराठीत सांगा. शॉप फ्लोअरवर त्याचं कुणाला वावडं नसतं.

कागदपत्रं: दहावीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका, आधार, पॅन, पासपोर्ट साइझ फोटो, मूळ प्रती आणि झेरॉक्सचे दोन संच. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर बहुधा शेवटी. क्रम वेगळा चालतो, स्पेलिंग वेगळं असेल तर आत्ताच दुरुस्तीला टाका. मूळ कागद कुणाकडे ठेवून येऊ नका. गेटपास, युनिफॉर्म, रजिस्ट्रेशन असं काहीही सांगून पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा.

पत्ता नीट वाचा. महाळुंगे दोन आहेत, एक बालेवाडीजवळचं आणि एक चाकणचं. मॅपवर चुकीचं निवडलं तर इंटरव्ह्यू गेलाच म्हणून समजा. 'चाकण एमआयडीसी' म्हणजेही निघोजे, खराबवाडी, सावरदरी असा मोठा पसारा, तेव्हा फेज, प्लॉट नंबर आणि गेट नंबर एचआरला फोन करून विचारा. नाशिक फाट्यापर्यंत मेट्रो, पुढे चाकणकडे जाणारी पीएमपी, आणि चाकण चौकातून शेवटच्या टप्प्याला रिक्षा. शिफ्ट बदलायच्या वेळी हा रस्ता तुंबतो, म्हणून तासभर आधी पोहोचायच्या बेताने निघा. गेटवर नोंद, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर, व्हिजिटर पास यातही वेळ जातो. बंद बूट हवेतच, आत फिरवलं तर सँडलवर सोडत नाहीत. मोकळे केस आणि लोंबती ओढणी मशिनजवळ धोक्याची.

शेवटी पगार. ३.६० लाख सीटीसी (कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणारा एकूण खर्च) म्हणजे हातात महिना ३० हजार नव्हे. बेसिक १५,००० धरलं तर कंपनीचा पीएफ १,८०० आणि ग्रॅच्युइटी साधारण ७२२ त्यातच मोजलेली असते, ग्रॉस उरतो २७,४७८. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००) गेला की हातात २५,४७८. बोनस किंवा विमा सीटीसीत धरला असेल तर आणखी कमी. आकड्याआधी मात्र एक गोष्ट विचारा: नेमणूक कंपनी रोलवर (थेट कंपनीचा कर्मचारी), अप्रेंटिस म्हणून, की कॉन्ट्रॅक्टरकडून? आणि ऑफर लेटर कोणाच्या लेटरहेडवर येणार? 'तेच हो, सगळं सारखंच' असं उत्तर आलं तर नेमणूक करणाऱ्याचं नाव लिहून घ्या आणि पुन्हा विचारा.