बँडच्या किल्टच्या प्लेट्स: आधी चौकडी मोजा, मग कैची

गॅदरिंग जवळ आलं की शाळेच्या बँडचे किल्ट, म्हणजे स्कॉटलंडचे ते चौकडीचे, मागं प्लेट्सवाले घागरे, शिवायला येतात अन बरेच जण स्कर्टसारख्या अंदाजानं प्लेट्स घालून मोकळे होतात, मग मागून पाहिलं तं चौकडीचा पार काला झालेला.

कापायच्या आधी डिझाइन कुठं संपून परत सुरू होते ते पाहा, म्हणजे एका पिवळ्या पट्ट्याच्या मधातून पुढच्या तशाच पट्ट्याच्या मधापर्यंत टेप लावा. स्कॉटलंडवाले याला सेट म्हणतात, सहसा 5 ते 7 इंच भरतो. एकच मोजू नका बरं, सलग चार मोजून चारनं भागा, स्वस्तातलं पॉलिस्टर कुठं ताणलेलं तं कुठं आखडलेलं असते.

आता रस्ते दोन. एकात प्रत्येक प्लेटवर तोच पट्टा मधोमध येतो, ही पलटणीची पद्धत, गॉर्डन हायलँडर्स या स्कॉटिश पलटणीच्या किल्टला मागं पिवळाच पट्टा दिसायचा. दुसऱ्यात प्लेट्स घालूनही मागं अख्खी चौकडी जुळून येते.

हिशोब असा, सीट, म्हणजे बसायच्या जागेचा घेर, 30 इंच असली तं निम्मे 15 इंच मागं प्लेट्सला, बाकी पुढच्या सपाट पल्ल्याला, त्याच्या मधोमध ठळक पट्टा येऊ द्या. प्लेट बाहेरून पाऊण इंच ठेवली की 20 प्लेट्स झाल्या. सेट 6 इंचाचा धरा. पट्टेवाल्या पद्धतीत प्लेटमागे नेमके 6 इंच कापड जाते, एकूण 120. चौकडीवाल्यात दर प्लेट पाऊण इंच पुढं सरकते म्हणून पावणेसात, एकूण 135. पुढं एकावर एक येणाऱ्या दोन पल्ल्यांचं कापड वेगळं.

बँडसाठी मी पट्टाच घेतो, कापड वाचते अन रांगेत सगळ्या पोरांचं मागून सारखं दिसते. कोणता पट्टा ते ठरत नसेल तं जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूची लांब पट्टी कापा, स्केचपेननं पट्टे जसेच्या तसे आखा अन घड्या घालून पाहा, काळा मधात धरला तं सगळी पाठ काळवंडते, हे कागदावरच कळते.

कंबर 26 असली तं त्याच 20 प्लेट्स मागं 13 इंचात बसवायच्या, म्हणजे वर प्लेटमागे जवळपास एक सूत (इंचाचा आठवा भाग) कमी. ते दोन्ही कडेनं निम्मं निम्मं घ्या, एकाच बाजूनं खाल्लं तं पट्टा तिरपा पळतो. चौकडीवाल्या पद्धतीत डिझाइन सीटपाशी जुळते, कंबरेला थोडं दाटणारच. कच्चा दोरा घातला की परत टेप लावा, प्लेटमागे अर्धं सूत जास्त गेलं तरी 20 प्लेट्समध्ये सव्वा इंच वाढते, अन मग बेल्टच बसत नाही.