मस्टरला (हजेरीच्या मोजणीत) माणूस कमी भरला, तर वरिष्ठांना कसं विचारावं

नौदलात निघालेली आपल्याकडची मुलं मला धावण्याबद्दल, पोहण्याबद्दल, मेडिकलबद्दल विचारतात. मी त्यांना आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. सोबतचा माणूस दिसत नसेल तर वरिष्ठांना विचारायचं, आणि कसं विचारायचं ते पहिल्या जहाजावर पाऊल ठेवण्याआधी पक्कं करून घ्यायचं. आयएनएस चिल्का या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रावर शिस्त अंगात मुरते, वरिष्ठांना उलट बोलायचं नाही हे मनावर ठसतं. ते योग्यच आहे. पण माणूस कमी आहे हे सांगणं म्हणजे उलट बोलणं नव्हे.

वेळेचा हिशेब समजून घ्या. जहाज 15 नॉटने (ताशी 15 सागरी मैल) चाललं असेल तर अर्ध्या तासात साडेसात सागरी मैल, म्हणजे जवळपास 14 किलोमीटर कापतं. न दिसणाऱ्या माणसाला शेवटचं कोणी, कुठे, किती वाजता पाहिलं यावर शोध कुठून सुरू करायचा ते ठरतं. ‘मघाशी इथेच होता’ या उत्तराचा ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, काहीच उपयोग नसतो. डोळ्यांदेखत कोणी पाण्यात पडला तर मात्र विचारत बसू नका. ‘मॅन ओव्हरबोर्ड’ म्हणून ओरडा, लाइफबॉय (तरंगतं कडं) फेका, हात त्याच्या दिशेला रोखून धरा आणि नजर हलवू नका. लाटांमध्ये माणसाचं डोकं बघता बघता दिसेनासं होतं.

जहाज धक्क्याला लागलंय म्हणून निर्धास्त राहू नका. 14 ऑगस्ट 2013 रोजी मध्यरात्रीच्या सुमारास आयएनएस सिंधुरक्षक पाणबुडी स्फोटांनंतर मुंबईच्या गोदीतच बुडाली. आत 18 जण होते. एकही वाचला नाही.

आमच्या जहाजावर दुरुस्तीच्या काळात एकदा दुपारी खालच्या एका कप्प्यातून धूर यायला लागला. आम्ही सगळे जेट्टीवर फॉल-इन झालो, म्हणजे रांगेत उभे राहिलो. मोजणी सुरू होती आणि आमच्या मेसमधले (जहाजावरच्या राहण्या-झोपण्याच्या कप्प्यातले) दोघे रांगेत नव्हते. मी पीओ (पेटी ऑफिसर) साहेबांना सांगितलं, “सर, मेरे मेस के दो आदमी कम हैं.” ते म्हणाले, “होंगे इधर-उधर, लाइन में खड़े रहो.” त्यांचंही चुकत होतं असं मी म्हणणार नाही, एकाच वेळी चार जण त्यांना हाका मारत होते. मी आवाज न चढवता दोघांची नावं घेतली. पहिला रात्रीची मिडल वॉच (मध्यरात्री ते पहाटे चारची पाळी) करून मागच्या मेसमध्ये झोपला होता, जेवणानंतर मी स्वतः त्याला बंकवर पाहिलं होतं. दुसरा स्टोअरकडे गेला होता. गँगवेच्या (जहाजावर चढण्या-उतरण्याच्या वाटेच्या) बोर्डवर दोघांचेही टॅली (नावाचे बिल्ले) ‘जहाजावर’ बाजूला होते. हे ऐकताच साहेबांनी वॉकी-टॉकी उचलला. बीए सेट (धुरात श्वास घ्यायचं उपकरण) घातलेली जोडी मागच्या मेसकडे वळली आणि झोपलेल्याला बाहेर घेऊन आली. दुसऱ्याला कोणीतरी गोदीच्या दवाखान्यात पाठवलं होतं, फक्त त्याचा टॅली फिरवायचा राहिला होता.

म्हणजे विचारताना नाव, शेवटची जागा, वेळ आणि हे तुम्हाला कसं ठाऊक, एवढं एका दमात सांगा. ‘कुठे आहेत ते सर?’ असा मोघम प्रश्न गडबडीत वाऱ्यावर जातो. किलिकला (पीओच्या खालच्या हुद्द्याच्या नौसैनिकाला) सांगितलं आणि काही हललं नाही, तर पीओ, मग डिव्हिजनल ऑफिसर (तुमच्या तुकडीचा अधिकारी) किंवा ऑफिसर ऑफ द डे (त्या दिवशीचा ड्यूटीवरचा अधिकारी). जीव धोक्यात असताना पायऱ्या मोजायच्या नाहीत, जो पहिला अधिकारी दिसेल त्याला सांगा.

घटना उलटून गेल्यावर काही वेळा उत्तरच मिळत नाही, आणि ते फार जड जातं. त्यात दरवेळी लपवाछपवी असते असं समजू नका. माणूस सापडला नसेल किंवा गेला असेल, तर आधी त्याच्या घरी कळवलं जातं. त्याच्या आईला ते गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून कळू नये. म्हणून फोन खिशातच ठेवा, मित्राच्या घरून विचारणा आली तरी. पण दिवस गेले तरी कोणी नीट बोलत नसेल, तर रिक्वेस्ट टाकून डिव्हिजनल ऑफिसरची भेट मागा. तो तुमचा हक्क आहे आणि तुमचं ऐकून घेणं हे त्यांचं काम आहे.

त्याच दिवशी सगळ्या वेळा वहीत लिहून ठेवा. पुढे बोर्ड ऑफ इन्क्वायरी (चौकशी मंडळ) बसली की तुम्हालाही बोलावतील. तिथे स्वतः पाहिलेलं तेवढंच सांगा, मेसमध्ये ऐकलेलं त्यात मिसळू नका.