क्रूझवर वरची केबिन घ्यावी का? खान्देशातून निघण्याआधीची तयारीची यादी

अपग्रेडचा, म्हणजे जास्त पैसे भरून वरच्या वर्गाची केबिन घ्या असा, मेसेज येतो तेव्हा त्यातला आकडा लहान दिसतो, कारण तो माणशी असतो. म्हणून पहिलं काम वही-पेनाचं. एजंटला एकच वाक्य विचारा : "पूर्ण खोलीमागे, पूर्ण सफरीचा, करासकट फरक किती?" माणशी 8,000 म्हणजे दोघांचे 16,000, वर कर वेगळा. आता या रकमेला रात्रींनी भागू नका. झोपेत सगळ्या केबिन सारख्याच. भागायचं ते खोलीत जागेपणी जाणाऱ्या तासांनी. चार रात्रींच्या सफरीत अंघोळ, कपडे, थोडं लवंडणं धरून दिवसाला अडीच तास खोलीत गेले तर एकूण दहा तास, म्हणजे तासाला 1,600 रुपये. घरात सकाळ-संध्याकाळ चहाचा कप घेऊन समुद्राकडे बघत बसणारं कुणी असेल तर तेच तास वीस होतात आणि भाव 800 वर येतो. "इतला पैसा कसाले?" असं आजीने विचारलं की हा आकडा सांगा आणि पुढचं तिच्यावर सोडा, कारण बाल्कनीत बसणार आहे ती तीच.

दोन रात्रींच्या फेरीला बाल्कनी घेऊ नये, असं आमचं सरळ मत आहे. "तीन दिवस दोन रात्री" यातला पहिला दिवस दुपारच्या बोर्डिंगपासून सुरू होतो. खोली मिळणं, सुरक्षेची कवायत आणि जेवण यांत तो संपतो, आणि जहाज मुंबईचं बंदर सोडतं त्या वेळी सगळे वरच्या मोकळ्या डेकवर, म्हणजे मजल्यावरच असतात. शेवटच्या दिवशी सकाळी लवकर खोली रिकामी करायची असते. हाती उरतो मधला एक दिवस. लक्षद्वीपच्या चार-पाच रात्रींच्या फेरीचं गणित वेगळं. तिथे पूर्ण दिवस पाण्यावर जातात, आणि आणखी एक गोष्ट जाहिरातीत ठळक नसते : एवढं मोठं जहाज बेटांच्या धक्क्याला लागत नाही, बाहेर थांबतं आणि लहान होड्यांनी माणसं नेतात. लाटा जास्त असल्या की होड्या सोडत नाहीत. बेटाचा दिवस असा हुकला तर तोही पाण्यावरच काढायचा, आणि मग खिडकी नसलेल्या खोलीत सगळ्यांचीच चिडचिड होते.

खोल्यांचे प्रकार साधारण चार : आतली, खिडकीची, बाल्कनीची आणि सुइट. आतल्या खोलीला खिडकीच नसते. दिवा बंद केला की पहाटेचे पाच आणि दुपारचे बारा सारखेच. खिडकीच्या खोलीची काच उघडत नाही, उजेड मिळतो पण वारा नाही. आकाराचा अंदाज हवा तर घरातली दहा बाय बाराची खोली डोळ्यांपुढे आणा. जुन्या जहाजांवर तेवढ्यातच पलंग, कपाट आणि न्हाणीघर बसवलेलं असतं. बाल्कनीच्या खोलीचे चौरस फूट सांगताना बाल्कनी धरून सांगतात की वगळून, हे विचारून घ्या.

जहाज कुठल्या सालचं, हेही यादीत लिहा. कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं 'एम्प्रेस' हे मुंबईहून निघणारं जहाज 1990 साली 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने सेवेत आलं. लांबी सुमारे 210 मीटर, डेक 11. त्या काळच्या जहाजांवर बाल्कनीच्या खोल्या मोजक्याच असत, बहुतेक खोल्या आतल्या किंवा खिडकीच्या. अलीकडच्या मोठ्या जहाजांवर उलटं, तिथे बाल्कन्याच जास्त. साहजिकच जुन्या जहाजावर बाल्कनी लवकर संपते आणि शेवटच्या क्षणी स्वस्तात मिळण्याची आशा कमी. बाल्कनी पक्की हवी असेल तर तिथे सुरुवातीलाच बुक करावी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. केबिनचा वर्ग नंतर, जागा आधी. रावेर-यावलच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. वाऱ्यात केळीचा बुंधा जागेवर असतो आणि पानं डोलतात. जहाजाचंही तसंच : वरचे डेक जास्त झुलतात, खालचे कमी. शिवाय पुढचं आणि मागचं टोक सी-सॉसारखं वर-खाली होतं, मधला भाग त्या मानाने स्थिर. बोट लागणाऱ्या माणसासाठी मधल्या भागातली, खालच्या डेकवरची खिडकीची खोली ही सर्वात वरच्या डेकवरच्या, टोकाच्या बाल्कनीपेक्षा कितीतरी बरी. खान्देशातून जाणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा हा पहिलाच समुद्रप्रवास असतो. एसटीच्या घाटात मळमळतं का, हा प्रश्न घरात प्रत्येकाला विचारा. उत्तर हो असेल तर वरचा वर्ग विसरा, मधली जागा मागा. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून सोबत घ्या आणि पोटात ढवळायला लागायच्या आधी घ्या, नंतर ती पोटात टिकत नाही.

जहाजाचा डेक प्लॅन कंपनीच्या साइटवर असतो. तो उघडून तीन डेक तपासा : आपला, त्याच्या वरचा आणि त्याच्या खालचा. वर स्विमिंग पूल किंवा बुफे असेल तर पहाटेपासून खुर्च्या ओढल्याचा आवाज डोक्यावर. खाली थिएटर किंवा डान्सचा हॉल असेल तर मध्यरात्रीपर्यंत ढोल पायाखाली. अगदी पुढच्या टोकाला नांगर टाकताना साखळीचा खडखडाट, अगदी मागे इंजिनाची थरथर. वर-खाली दोन्हीकडे नुसत्या केबिन असल्या की ती जागा उत्तम. मग शेजार पाहा. दोन खोल्यांमध्ये जोडणारं दार असेल तर पलीकडचा टीव्ही अलीकडे ऐकू येतो. चौघांचं कुटुंब दोन खोल्यांत असेल तर तेच दार सोयीचं, एरवी ती खोली टाळा. लिफ्टच्या अगदी समोरची नको, पण पाच-सहा दारं सोडून असावी. दोनशे मीटरच्या जहाजात गुडघेदुखी असलेल्या माणसाला रोज चार वेळा तो बोळ चालायचा असतो. खिडकीच्या किंवा बाल्कनीच्या खोलीपुढे 'दृश्य अडलेलं' अशी नोंद असेल तर समोर लाइफबोट टांगलेली असते. अशी खोली स्वस्त असते आणि उजेडापुरती चालते, मात्र समुद्रासाठी पैसे मोजत असाल तर ती घेऊ नका.

बाजूही बघा. मुंबईहून दक्षिणेला जाताना किनारा डाव्या हाताला आणि सूर्यास्त उजव्या हाताला. परतीला उलटं. जातानाची संध्याकाळ बाल्कनीतून बघायची तर उजवी बाजू, पण दुपारचं ऊनही त्याच बाजूला तापतं. जळगावच्या मे महिन्यापुढे ते ऊन काहीच नाही असं वाटेल. त्रास उन्हाचा नसतो, दमटपणाचा असतो. आपल्याकडे एप्रिलमध्ये दोरीवरचा टॉवेल तासाभरात वाळतो. इथे तो दिवसभर ओलाच राहतो, वर मिठाने चिकट होतो आणि कठड्यावर टाकला तर उडून जातो (कठड्यावर कपडे टाकायला बंदीच असते). जहाज 16 नॉटने चाललं तर ताशी सुमारे 30 किलोमीटरचा वारा नुसत्या वेगामुळेच अंगावर येतो. त्यामुळे जहाज पळत असताना, विशेषतः पुढच्या भागातल्या बाल्कनीत, निवांत बसणं फोटोत दिसतं तेवढं सोपं नाही. दार उघडं टाकून एसी लावण्याचाही उपयोग होत नाही : खोली दमट होते, आरशावर पाणी सुटतं आणि काही जहाजांवर दार उघडलं की एसी आपोआप बंदच पडतो.

चौघांच्या कुटुंबाने एक वेगळा हिशेब करून पाहावा. एका बाल्कनीच्या खोलीत चौघे म्हणजे दोघांना भिंतीतून किंवा छतातून उघडणारे वरचे बर्थ आणि चौघांत एक न्हाणीघर. त्याच पैशांच्या आसपास कधीकधी दोन आतल्या खोल्या मिळतात : दोन संडास, दोन कपाटं आणि घोरणाऱ्याला वेगळी खोली. सकाळी आठला सगळ्यांना एकदम तयार व्हायचं असतं तेव्हा दुसऱ्या न्हाणीघराची किंमत कळते. मुलं लहान असतील तर प्रत्येक खोलीत एक मोठं माणूस असावं असा बहुतेक कंपन्यांचा नियम असतो. दोन्ही खोल्या समोरासमोर मागून घ्या. एकाच खोलीत राहायचं ठरलं तर वरच्या बर्थवर कोण चढणार हे घरीच ठरवा. रेल्वेच्या अप्पर बर्थसारखीच शिडी असते, आणि सत्तरीच्या माणसाला ती नको. वयस्कर सोबत असतील तर न्हाणीघराच्या उंबऱ्याची उंची आणि धरायला दांडी आहे का, तेही विचारा.

अपग्रेड मिळतं कसं, यात बरेच जण फसतात. एक, ठरलेल्या किमतीची ऑफर : पैसे भरले, खोली मिळाली. दोन, बोली : तुम्ही माणशी रक्कम टाकता आणि निघायच्या काही दिवस आधी कंपनी हो किंवा नाही कळवते. तीन, बोर्डिंगच्या दिवशी काउंटरवर उरलेल्या खोल्या. बोलीत तुम्ही जी रक्कम लिहिता ती मूळ भाड्याच्या वर असते, भाड्यासकट नव्हे. बहुतेक ठिकाणी ती दोन माणसांची धरतात, म्हणून एकट्या प्रवाशाला दुप्पट पडते आणि तिघे-चौघे असतील तर माणशी स्वस्त पडते. मान्य झाली की कार्डावरून पैसे आपोआप कापले जातात आणि परत मिळत नाहीत. म्हणून बोली टाकताना कार्डाची मर्यादा बघा, परदेशी कंपनी असेल तर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून ठेवा आणि बँकेचे मेसेज ज्या मोबाइलवर येतात तो रिचार्ज केलेला असू द्या.

बोलीतला खरा खड्डा मात्र वेगळाच. नवी खोली कुठली, हे तुम्ही ठरवत नाही. डेक प्लॅन बघून मेहनतीने निवडलेली मधली खिडकीची खोली जाते आणि टोकावरची, पूलच्या खालची बाल्कनी गळ्यात पडते, वर त्यासाठी पैसेही मोजलेले. जुनी खोली परत मिळत नाही. 'गॅरंटी' नावाने स्वस्तात विकलेल्या बुकिंगचंही तसंच : वर्ग पक्का, खोली कंपनीच्या मनाची. तेव्हा नियम असा ठेवा : जागा तुम्ही निवडलेली आणि आवडलेली असेल तर बोली टाकू नका. आधीच गॅरंटीवर असाल तर गमावण्यासारखं काही नाही, परवडेल तेवढी बोली टाका. दिवाळी आणि उन्हाळी सुट्टीत जहाज भरलेलं असतं, तेव्हा बोलीत जीव नसतो. शाळा चालू असतानाच्या, आठवड्यामधल्या फेरीत संधी जास्त.

सुइटचं लवकर उरकता येतं. साध्या बाल्कनीपर्यंत जेवण, पूल, शो सगळं आतल्या खोलीवाल्याइतकंच मिळतं. फरक सुइटपासून सुरू होतो : लवकर बोर्डिंग, कधी वेगळी जेवणाची जागा, कधी इंटरनेट. काय मिळणार ते लेखी घ्या. बोलीने सुइट मिळाला तर या सवलती सोबत मिळतात का, हे वेगळं विचारावं लागतं.

सिंगापूरहून निघणाऱ्या सफरीला तीन गोष्टी वाढतात. भाव डॉलरमध्ये असतो. रोजची माणशी टिप खात्यात लागते आणि अनेक कंपन्यांत सुइटला ती जास्त असते. भारतातल्या एजंटकडून परदेशी पॅकेज घेतलं तर टीसीएस (पैसे घेतानाच आगाऊ घेतला जाणारा कर) कापला जातो, तो प्राप्तिकराच्या विवरणात जमा धरता येतो, पण खर्च करताना पैसे अडकतात. काही महाकाय जहाजांवर बाल्कनी समुद्राकडे नसून आतल्या चौकाकडे असते. नाव बाल्कनीच, पण समोर दुकानं. आरक्षणाच्या कागदावर "समुद्राकडची" हा शब्द शोधा.

खोली बदलली की कागद बदलतात, हे शेवटच्या आठवड्यात हमखास विसरतं. बॅगेच्या पट्टीवर खोलीचा नंबर असतो. अपग्रेडनंतर नवा बोर्डिंग पास आणि नव्या पट्ट्या छापून घ्या, नाहीतर तुम्ही नव्या खोलीत आणि बॅग जुन्या दारात. गाडीचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, तेव्हाच करा. भुसावळ-जळगावहून रात्रीची विदर्भ किंवा अमरावती एक्सप्रेस सकाळी सीएसएमटीला सोडते आणि बॅलार्ड पिअर, म्हणजे क्रूझ सुटते तो धक्का, तिथून टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांवर. धुळेकरांनी दिवसाच्या गाडीवर बोर्डिंगची वेळ ठेवू नये. चाळीसगावला येऊन रात्रीची गाडी धरावी किंवा आदल्या दिवशी मुंबईत मुक्काम करावा. नंदुरबारकरांची गाडी सुरतमार्गे पश्चिम रेल्वेवर उतरते, तिथून दक्षिण मुंबईत यायला लागणारा वेळ वेगळा धरा.

काउंटरवर अपग्रेड विचारायचं असेल तर बोर्डिंगच्या सुरुवातीच्या वेळेत पोचा, जास्तीत जास्त किती पैसे द्यायचे हे आधी ठरवून ठेवा आणि खोलीचा नंबर ऐकून डेक प्लॅनच्या मोबाइलमधल्या फोटोशी ताडल्याशिवाय हो म्हणू नका. जहाजावर तेव्हा नेट चालेलच असं नाही, म्हणून फोटो घरूनच काढून न्या. खोलीत शिरल्यावर बॅगा उघडायच्या आधी एसी, गरम पाणी, फ्लश आणि बाल्कनीच्या दाराची कडी तपासा. तक्रार असेल तर लगेच रिसेप्शनला जा, रात्री जहाज निघाल्यावर रिकाम्या खोल्या उरलेल्या नसतात.

आतली खोलीच ठरली तर लहान बॅटरीचा रात्रदिवा न्या. केबिनच्या भिंती बहुधा लोखंडी असतात, त्यामुळे पाच-सहा लोहचुंबकाचे हुक टोप्या, ओळखपत्रं आणि ओले टॉवेल अडकवायला उपयोगी पडतात. इस्त्री, किटली आणि सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेन्शन बोर्ड तपासणीत काढून घेतात. घरून केलेली भाकरी आणि भरीतही चालत नाही. ते रात्रीच्या गाडीतच संपवा.