वस्ती हटवण्याच्या कारवाईविरुद्ध संयुक्त राष्ट्रांकडे दाद कशी मागावी

आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार 1966 साली संमत झाला, 1976 मध्ये अमलात आला आणि 1979 मध्ये भारत त्यात सामील झाला. त्याच्या अकराव्या अनुच्छेदात पुरेशा निवाऱ्याचा हक्क मान्य केलेला आहे, आणि तोडक कारवाईची टांगती तलवार डोक्यावर असलेल्या वस्तीला आधार घ्यायचा तो याच अनुच्छेदाचा.

अर्ज कोणाकडे करायचा, हे आधी नीट ठरवावे. करारावर देखरेख ठेवणाऱ्या 18 सदस्यांच्या समितीला वैयक्तिक तक्रारी ऐकण्याचा अधिकार आहे, पण 2013 मध्ये अमलात आलेला ऐच्छिक प्रोटोकॉल, म्हणजे देशांनी वेगळा स्वीकारायचा पूरक करार, ज्या देशांनी स्वीकारला त्यांच्यापुरताच. स्पेनने तो स्वीकारल्यामुळे, माद्रिदमधील भाड्याच्या खोलीतून लहान मुलांसह बाहेर काढलेल्या एका कुटुंबाची तक्रार समितीने ऐकली आणि पर्यायी निवारा न दिल्याने कराराचा भंग झाल्याचे 2017 मध्ये स्पष्ट केले. भारताने हा प्रोटोकॉल स्वीकारलेला नाही, त्यामुळे येथून समितीकडे तक्रार धाडण्यात वेळ दवडू नये.

आपल्यासाठी मार्ग आहे तो पुरेशा निवाऱ्याविषयीच्या विशेष प्रतिवेदकांचा. हे संयुक्त राष्ट्रांनी नेमलेले स्वतंत्र तज्ज्ञ असतात आणि आलेल्या अर्जावरून सरकारला पत्र पाठवू शकतात. हे पद 2000 साली निर्माण झाले. त्यांच्याकडे जाण्यासाठी देशाने प्रोटोकॉल स्वीकारलेला असण्याची किंवा येथील सर्व न्यायालये पालथी घातलेली असण्याची अट नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्त कार्यालयाच्या संकेतस्थळावर त्यासाठीचा अर्ज मिळतो. तो इंग्रजीत भरावा.

अर्जाचा कस लागतो तो मजकुरात. सक्तीने घरे रिकामी करण्याबाबत समितीने 1997 मध्ये प्रसिद्ध केलेले सातवे सर्वसाधारण भाष्य (कराराचा अर्थ उलगडणारा समितीचा दस्तऐवज) समोर ठेवून एकेक मुद्दा तपासावा: रहिवाशांशी खरोखर विचारविनिमय झाला का, पुरेशा मुदतीची नोटीस मिळाली का, कारवाईच्या वेळी अधिकारी हजर होते का आणि त्यांची ओळख पटत होती का, रात्री किंवा खराब हवामानात पाडापाडी झाली का, कायदेशीर दाद मागण्याची सोय होती का. ‘आमच्यावर घोर अन्याय झाला’ या वाक्याने काही साधत नाही. त्याऐवजी, उदाहरणार्थ, ‘3 जूनला सायंकाळी नोटीस विजेच्या खांबावर चिकटवली, 5 जूनला पहाटे पाऊस चालू असताना जेसीबी आला आणि पर्यायी जागेबद्दल कोणीही काही सांगितले नाही’ असे लिहिले, तर तीन मुद्दे आपोआप सिद्धीस येतात. सोबत नोटिशीचे छायाचित्र, पोच घेतलेले अर्ज आणि वास्तव्याचा पुरावा म्हणून जुनी वीजबिले जोडावीत.

ज्यांच्या वतीने अर्ज करायचा त्यांची संमती अवश्य घ्यावी, आणि नावे गुप्त राहावीत अशी इच्छा असेल तर ते अर्जातच स्पष्ट लिहावे, कारण सरकारला पाठवलेले पत्र पुढे जाहीर होते. केवळ वर्तमानपत्रांतील बातम्यांवर बेतलेला, निनावी किंवा शिवराळ अर्ज विचारात घेतला जात नाही. स्थानिक पक्षाचा झेंडा मजकुरात दिसला तरीही अर्ज अडचणीत येऊ शकतो, हे कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात घ्यावे.

विशेष प्रतिवेदकांचे पत्र म्हणजे स्थगिती आदेश नव्हे. बुलडोझर थांबवायचा असेल तर उच्च न्यायालयातच जावे लागते, आणि ते काम अर्जाच्या उत्तराची वाट न पाहता आधी करावे. राज्य मानवी हक्क आयोगाचा पर्यायही आहे. मात्र घटनेला एक वर्ष उलटल्यावर आयोगाला चौकशी करता येत नाही, आणि प्रकरण राज्य आयोगापुढे प्रलंबित असेल तर राष्ट्रीय आयोग त्यात लक्ष घालत नाही.

विशेष प्रतिवेदकांनी पत्र पाठवले तर सरकारला उत्तरासाठी साधारणपणे 60 दिवस दिले जातात. त्यानंतर पत्र आणि उत्तर आलेच असेल तर तेही संकेतस्थळावर प्रसिद्ध होते. दोन्ही उतरवून घेऊन वकिलांमार्फत न्यायालयीन कागदपत्रांना जोडावीत, आणि सरकारी उत्तरातील तारखा किंवा घरांची संख्या चुकीची आढळल्यास पुराव्यासह पूरक माहिती पुन्हा पाठवावी.