मानसिक आजार आणि आरोग्य विमा: क्लेम अडकवणाऱ्या या चुका टाळा

"फॉर्मात डिप्रेशनचं कशाला लिहायचं? कुणाला कळतंय?" हा सल्ला घरचेच देतात, कधी एजंटही देतो. आरोग्य विम्यात इतका महाग पडणारा सल्ला दुसरा नाही.

मुळात लपवण्याची गरज नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २१(४) नुसार विमा कंपनीला मानसिक आजाराच्या उपचारांना शारीरिक आजारांसारखंच संरक्षण द्यावं लागतं. विमा नियामकानं २०१८ आणि २०२२ मध्ये कंपन्यांना तशी लेखी ताकीदही दिली. म्हणजे हक्क आहेच. तो हातचा जातो कागदावरच्या चुकांमुळे.

निदान किंवा गोळ्या लपवणं

क्लेम आला की कंपनी किंवा टीपीए (कंपनीच्या वतीनं क्लेम तपासणारी संस्था) जुने केसपेपर, प्रिस्क्रिप्शन, औषधांची बिलं मागते. तिथे दोन वर्षांपूर्वीची एस्सिटालोप्रामची (नैराश्यावरच्या औषधाची) चिठ्ठी निघाली की प्रश्न त्या एका क्लेमपुरता राहत नाही. माहिती दडवली म्हणून पूर्ण पॉलिसी रद्द होऊ शकते, आणि मग उद्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशनही स्वतःच्या खिशातून.

पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला, सल्ला किंवा उपचार दिलेला आजार 'आधीपासूनचा आजार' धरला जातो. फॅमिली डॉक्टरांनी दिलेल्या झोपेच्या गोळ्या, बाळंतपणानंतरच्या नैराश्याचे उपचार, पॅनिक अटॅकसाठी घेतलेला सल्ला, हे सगळं त्यात येतं. फॉर्मातला प्रश्न मात्र नीट वाचा. "कधीही उपचार घेतले आहेत का?" असं विचारलं असेल, तर दहा वर्षांपूर्वीचंही लिहावं लागतं.

खरं लिहिल्यावर कंपनी हप्ता वाढवू शकते, प्रतीक्षा काळ (ज्यात त्या आजाराचा क्लेम मिळत नाही) लावू शकते किंवा नकारही देऊ शकते. एप्रिल २०२४ पासून आधीपासूनच्या आजारासाठीचा प्रतीक्षा काळ ३६ महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. नकार आला तर तो लेखी मागा आणि दुसऱ्या कंपनीकडे जा. मानसिक आजार असलेल्यांसाठी वेगळी पॉलिसी ठेवण्याचा आदेश नियामकानं २०२३ मध्ये दिला आहे, तिचीही चौकशी करा. नोकरीच्या ठिकाणी ग्रुप विमा असेल तर आधी तो पाहा. अनेक ग्रुप पॉलिसींत जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेले असतात.

फॉर्म एजंटनं भरला आणि तुम्ही फक्त ओटीपी सांगितला, तरी उत्तरं तुमचीच मानली जातात. पॉलिसीसोबत येणारी प्रपोजल फॉर्मची प्रत त्याच दिवशी वाचा. चूक दिसली तर ताबडतोब ईमेलनं कळवा. पॉलिसीच पटली नाही तर परत करायला ३० दिवस असतात.

भरतीच्या वेळी अंदाजे इतिहास सांगणं

रुग्णाला दाखल करताना घाबरलेला नातेवाईक म्हणतो, "चार-पाच वर्षांपासून असंच चाललंय." डॉक्टर केसपेपरवर 'पाच वर्षांपासून डिप्रेशन' लिहितात, आणि तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या पॉलिसीचा क्लेम तिथेच अडकतो, कारण आजार पॉलिसीच्या आधीचा ठरतो. उदास राहणं, चिडचिड होणं म्हणजे निदान नव्हे. मानसोपचारतज्ज्ञांना पहिल्यांदा कधी दाखवलं, निदान कधी झालं, गोळ्या कधी सुरू झाल्या, या तीन तारखा घरात एका कागदावर लिहून ठेवा आणि त्याच सांगा. चुकीची नोंद झालीच, तर डिस्चार्ज होण्याआधी डॉक्टरांकडून सहीनिशी दुरुस्त करून घ्या.

कशाचे पैसे मिळतात ते न पाहणं

साध्या पॉलिसीत किमान २४ तास भरती लागते. समुपदेशनाची फी आणि दरमहाच्या गोळ्या ओपीडीत मोडतात. त्यासाठी ओपीडीचं वेगळं संरक्षण हवं. भरतीच्या आधीचे आणि नंतरचे ठरावीक दिवस मात्र धरले जातात, तेव्हा ती बिलं जपून ठेवा.

फक्त तपासणीसाठी किंवा विश्रांती आणि पुनर्वसनासाठी झालेली भरती बहुतेक पॉलिसींत वगळलेली असते. दारू किंवा अमली पदार्थांच्या व्यसनाचे उपचारही तसेच. म्हणून डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'निरीक्षणासाठी' असं राहू देऊ नका. आत्महत्येचा धोका होता, खाणंपिणं बंद होतं, औषध बदलताना देखरेख लागत होती, जे खरं कारण असेल ते तिथे यायला हवं.

नूतनीकरण चुकवणं

आजाराच्या भरात हप्त्याची तारीख निसटणं अगदी स्वाभाविक आहे, पण सवलतीची मुदतही (तारखेनंतर हप्ता भरायला मिळणारे जादा दिवस) उलटली तर पूर्ण केलेला प्रतीक्षा काळ वाया जातो. बँकेतून हप्ता आपोआप कापला जाईल अशी सोय करा आणि ती तारीख घरातल्या एकाला तरी माहीत असू द्या.

नकाराचं पत्र आलं की गप्प बसणं

पत्रात पॉलिसीचं कोणतं कलम दाखवलंय ते पाहा. 'मानसिक विकार वगळलेले आहेत' एवढंच कारण असेल तर ते टिकत नाही. अशाच कलमावरून नाकारलेला क्लेम दिल्ली उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये रुग्णाच्या बाजूनं निकाली काढला. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला कलम २१(४) चा उल्लेख करून लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या विमा लोकपालांकडे जा. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत मात्र अर्ज पोचायला हवा. सोबत नकाराचं पत्र, पॉलिसी, प्रपोजल फॉर्म, डिस्चार्ज कार्ड आणि तारखांचा तो कागद जोडा. रुग्णालय केसपेपर द्यायला टाळाटाळ करत असेल, तर मानसिक आरोग्यसेवा कायद्याचंच कलम २५ रुग्णाला आपल्या वैद्यकीय नोंदी मिळवण्याचा हक्क देतं.