नवा पीसी घेतला तरी टाइमलाइन अडकते? व्हिडिओ एडिटिंगमधल्या या चुका टाळा

"आय-सेव्हन आहे, एसएसडी आहे, ग्राफिक्स कार्डही आहे. मग टाइमलाइन अडकते का?" घरी बसून व्हिडिओ एडिट करणाऱ्यांचा हा ठरलेला प्रश्न. टाइमलाइन म्हणजे क्लिप ओळीने मांडून कट मारायची पट्टी. लग्न असो, शाळेचं गॅदरिंग असो, ट्रेक असो की रेसिपी. ऐंशी हजार-लाख मोजून झालेले असतात आणि दुकानदार वर सांगतो, "अजून भारी कार्ड टाका, सर." टाकू नका. आधी फोनमधून किंवा कॅमेऱ्यातून येणारी फाइल नेमकी कशी आहे ते बघा.

मीडियाइन्फो नावाचं छोटंसं मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्या, त्यात एखादी क्लिप टाका आणि चारच ओळी वाचा: फॉरमॅट, क्रोमा सबसॅम्पलिंग, बिट डेप्थ आणि फ्रेम रेट मोड. बाकीचं वाचलं नाही तरी चालेल.

फाइल न बघता प्रोसेसर निवडणं

फॉरमॅटसमोर एचईव्हीसी असेल तर तो एच.२६५. आयओएस ११ आल्यापासून, म्हणजे २०१७ पासून, आयफोन यातच व्हिडिओ साठवतो. अँड्रॉइड फोनमध्येही हा पर्याय असतो. फाइल लहान होते, कारण प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेलीच नसते. एक पूर्ण फ्रेम आणि तिच्यापुढे फक्त झालेले बदल, असा हिशोब. व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये सरळ चालवताना त्रास होत नाही. एडिटिंगमध्ये मात्र आपण मागे-पुढे उड्या मारतो, मधेच कट मारतो, आणि दर वेळी संगणकाला आधीच्या पूर्ण फ्रेमपर्यंत मागे जाऊन चित्र नव्याने उभं करावं लागतं. हे काम झटपट उरकतो तो चिपमधला वेगळा डिकोडर, म्हणजे फाइल उलगडणारा भाग. त्याला ती फाइल उलगडता येत नसेल तर सगळा भार प्रोसेसरच्या कोअरवर येतो आणि पंखा ओरडायला लागतो.

आता मधल्या दोन ओळी: क्रोमा सबसॅम्पलिंग म्हणजे रंगाची माहिती किती राखली, बिट डेप्थ म्हणजे रंगाच्या छटा किती बारीक. ४:२:० आणि ८ किंवा १० बिट असेल तर गेल्या काही वर्षांतली जवळपास कुठलीही चिप निभावून नेते. पण सोनी, कॅनन यांच्या नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत ४:२:२ आणि १० बिट असा एच.२६५ निवडता येतो, आणि गोची तिथे होते. इंटेलचं प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स साधारण ११व्या पिढीपासून ही फाइल हार्डवेअरवर उलगडतं. एनव्हिडियाच्या कार्डांत ती सोय आली २०२५ मध्ये, आरटीएक्स ५० मालिकेबरोबर. म्हणजे महागडं आरटीएक्स ४० मालिकेतलं कार्ड इथे हात टेकतं आणि साधा आय-फाइव्ह सुरळीत चालतो.

म्हणूनच असेंबल करताना प्रोसेसरच्या नावाचं शेवटचं अक्षर बघा. इंटेलच्या एफ अक्षराच्या चिपमध्ये अंगचं ग्राफिक्स बंद असतं, त्यामुळे क्विक सिंक ही डिकोडरची सोयही नसते. गेम खेळणाऱ्याला ती स्वस्तात मिळालेली चांगली चिप. एडिटिंग करणाऱ्याने दीड-दोन हजार वाचवण्यासाठी ती घेऊ नये. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत कोटेशन मागितलं तर पहिल्या कागदावर बहुधा एफच असतो, कारण आकडा कमी दिसतो. मॅकवाल्यांना हा घोळ नाही. २०२० च्या शेवटी आलेल्या एम१ चिपपासून ही फाइल तिथे चालते.

मशीन आधीच घेऊन झालं असेल, तर प्रॉक्सी बनवा. मूळ क्लिपची हलकी प्रत, जिच्यावर कट मारायचे. एक्स्पोर्ट मात्र मूळ फाइलवरून होतं. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये मीडिया पूलमधल्या क्लिपवर राइट क्लिक करून "जनरेट प्रॉक्सी मीडिया", अडोबीच्या प्रीमिअरमध्ये "प्रॉक्सी" आणि मग "क्रिएट प्रॉक्सीज". फॉरमॅट विचारला तर प्रोरेस प्रॉक्सी किंवा डीएनएक्सएचआर एलबी निवडा. डिस्कवर जागा खातात, पण काम झालं की उडवून टाकता येतात. लोक हे टाळतात निव्वळ कंटाळ्यापायी, आणि मग वीस हजारांचं कार्ड आणतात.

आवाज आणि ओठ जुळत नाहीत

मीडियाइन्फोतली चौथी ओळ. फ्रेम रेट मोडसमोर "व्हेरिएबल" असेल तर फोनने प्रकाश आणि तापमान बघून सेकंदाला टिपायच्या फ्रेमचा वेग कमी-जास्त केला आहे. छोट्या क्लिपमध्ये कळत नाही. पाऊण तासाच्या मुलाखतीत शेवटाकडे ओठ एकीकडे आणि वेगळ्या माइकवरचा आवाज दुसरीकडे. आवाजाचे तुकडे करून सरकवत बसणं हा यावरचा उपाय नव्हे. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये "कॉन्स्टंट फ्रेम रेट" निवडून क्लिप आधी बदलून घ्या, मग टाइमलाइनवर आणा.

रिझॉल्व्ह नवीन प्रोजेक्ट २४ फ्रेमवर उघडतं. पहिली क्लिप टाकली की विचारतं, फ्रेम रेट वेगळा आहे, बदलू का? घाईत "डोन्ट चेंज" दाबलं जातं, आणि एकदा काम सुरू झालं की प्रोजेक्टचा तो आकडा कुलूपबंद. मग २५ किंवा ३० चं शूटिंग २४ मध्ये बसवलेलं, हलत्या दृश्यात झटके देणारं दिसत राहतं.

हॉलमधल्या एलईडीखाली काळे पट्टे सरकताना दिसतात, तो दोष सॉफ्टवेअरचा नाही. आपली वीज ५० हर्ट्झची. शूट करताना शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. नंतर ते पुसणं फार जिकिरीचं.

रंग पांढरट किंवा भडक

आयफोन १२ पासूनचे आयफोन मुळात एचडीआरमध्ये, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त पल्ला पकडणाऱ्या पद्धतीत, शूट करतात. ती क्लिप साध्या टाइमलाइनवर टाकली की आकाश जळतं, चेहरे पांढरे पडतात. एचडीआर हवंच आहे असं नसेल तर फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा. शूट झालंच असेल तर रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्टचं कलर मॅनेजमेंट चालू करून बघा. हाताने रंगांची चाकं फिरवून एकेक क्लिप सुधारण्यात संध्याकाळ जाते.

दुसरं कारण स्क्रीन. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीत "४५ टक्के एनटीएससी" लिहिलेलं असेल तर तो पडदा एसआरजीबीचे, म्हणजे स्क्रीनसाठी ठरलेल्या साध्या प्रमाणातले, रंगही पुरते दाखवत नाही. हळदीचा पिवळा फिका वाटतो म्हणून सॅच्युरेशन वाढवलं जातं, आणि तोच व्हिडिओ फोनवर लावला की नवरी कावीळ झाल्यासारखी दिसते. प्रोसेसर एक पायरी खालचा चालेल, पण पडदा १०० टक्के एसआरजीबीचा घ्या.

चुकीच्या जागी केलेली काटकसर

८ जीबी रॅमवर ४के? नाद सोडा. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले तेव्हापासून अनेक जण इथेच कात्री लावतात. डेस्कटॉपमध्ये रॅम नंतर वाढवता येते, मॅकमध्ये नाही. २०२४ च्या एम४ मॅक मिनीत निदान सुरुवातच १६ जीबीपासून आहे, म्हणून घरगुती कामासाठी मला तो आवडतो. मात्र २५६ जीबीची डिस्क लगेच भरते, बाहेरची एसएसडी धरूनच हिशोब करा. वेगळं कार्ड नसेल तर १६ ची एक पट्टी लावण्यापेक्षा ८-८ च्या दोन लावा. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स रॅमच्याच वेगावर जगतं.

लॅपटॉपवरच्या "एआय पीसी" स्टिकरसाठी जास्त पैसे देऊ नका. एडिटिंगचा मोठा भार आजही त्यातल्या एआय चिपवर नाही, ग्राफिक्स चिपवरच पडतो. आणि एक्स्पोर्ट करताना चार्जर लावा. बॅटरीवर बहुतेक लॅपटॉप स्वतःचा वेग कमी करतात.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर वाढदिवसाच्या व्हिडिओसाठी रिझॉल्व्ह शिकायची गरज नाही. विंडोज ११ मधलं क्लिपचॅम्प किंवा मॅकवरचं आयमूव्ही पुरतं. क्रॅक केलेलं प्रीमिअर तर अजिबात नको; मोफत रिझॉल्व्ह बरंच काही करतं. विंडोजवर एच.२६४ आणि एच.२६५ ला हार्डवेअरची पूर्ण साथ हवी असेल तेव्हा स्टुडिओ आवृत्ती घ्या. तिचे पैसे एकदाच भरायचे असतात, प्रीमिअरसारखे दर महिन्याला नाही.

फॉरमॅट मारला आणि प्रोजेक्ट गेले

प्रोजेक्टमध्ये व्हिडिओ नसतो, फक्त त्याचा पत्ता असतो. मेमरी कार्डवरूनच क्लिप टाइमलाइनवर ओढल्या आणि कार्ड काढलं की लाल पडद्यावर "मीडिया ऑफलाइन". आधी सगळं एका फोल्डरमध्ये कॉपी करायचं, मग सॉफ्टवेअर उघडायचं.

रिझॉल्व्हमध्ये आणखी एक खाच आहे. ते प्रोजेक्टची फाइल तुमच्या फोल्डरमध्ये ठेवतच नाही; सी ड्राइव्हमधल्या स्वतःच्या लायब्ररीत ठेवतं. डी ड्राइव्हवर क्लिप सुखरूप आहेत म्हणून निर्धास्तपणे विंडोज नव्याने टाकलं, तर कट, रंग, टायटल सगळं साफ. प्रोजेक्ट मॅनेजरमधून "एक्स्पोर्ट प्रोजेक्ट" करून ती फाइल क्लिपशेजारी ठेवा. बाहेरच्या डिस्कवर कॉपी करताना "फाइल फार मोठी आहे" असं आलं तर डिस्क फॅट३२ आहे. ४ जीबीच्या वरची फाइल ती घेत नाही. आतला माल बाहेर काढून ती एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

मराठी टायटल फुटतंय

प्रीमिअरमध्ये "शुभविवाह" लिहिलं आणि वेलांटी भलत्याच बाजूला गेली, किंवा इतर शब्दांतली जोडाक्षरं सुटी झाली, तर प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली "साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न" हा पर्याय निवडा आणि टायटल नव्याने टाइप करा. फॉन्ट युनिकोडच हवा. मुक्ता, बलू, नोटो सान्स देवनागरी हे तिन्ही मोफत आहेत. रिझॉल्व्हच्या "टेक्स्ट प्लस" टायटलमध्ये अक्षरं फुटली तर साधं "टेक्स्ट" टायटल वापरून बघा.

एक्स्पोर्ट करताना बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा तो आकडा, वाटेल तेवढा चढवू नका. ३० फ्रेमच्या १०८०पी साठी यूट्यूब स्वतः ८ एमबीपीएस सुचवतं, ४के साठी ३५ ते ४५. नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवायचा असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर गॅलरीतून न टाकता डॉक्युमेंट म्हणून जोडा. २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते.